एका भिंतीत दोन ओव्हन: स्टीम ओव्हन घेताना आणि बसवताना

स्टीम ओव्हन घ्यायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, भिंतीत आहे ना चांगला ओव्हन, मग दुसरा कशाला? आणि दुकानात बरोबर उलटं, ताई तुम्ही कॉम्बी घेताय ना, म्हणजे वाफ आणि कोरडी उष्णता दोन्ही देणारा, मग जुना काढूनच टाका, हा सगळं करतो. मी दोघांचंही ऐकलं नाही आणि दोन्ही ठेवले, एकाच उभ्या कपाटात एकावर एक, आणि आता दहा महिने दोन्ही रोज वापरतेय. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायचं कारण असं की मी माहिती शोधत होते तेव्हा रेसिपी भरपूर मिळाल्या, पण पाण्याचं काय, वायरचं काय, वाफ कुठे जाते, कपाट फुगतं का, हे कुणी नीट सांगत नव्हतं, आणि खरं काम तर तेच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. कोरडी उष्णता आणि वाफेची उष्णता ह्या दोन वेगळ्याच जाती आहेत. २०० अंशाला तापलेल्या ओव्हनमधून आपण ट्रे काढतो तेव्हा हात क्षणभर त्या हवेत असतो, झळ लागते पण भाजत नाही. तोच हात उकळत्या किटलीच्या तोंडाशी गेला तर तिथे १०० अंशच असतात आणि तरी फोड येतो. कारण वाफ गार वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं आणि पाणी होता होता पोटातली सगळी उष्णता ती तिथल्या तिथे सोडते. एक ग्रॅम वाफेचं १०० अंशाला पाणी होताना साधारण २,२५७ जूल बाहेर पडतात, आणि तेच एक ग्रॅम उकळतं पाणी अंगावर पडून अंगाइतकं निवलं तर २६५ च्या आसपास, म्हणजे आठपटीहून जास्त फरक. शाळेत सुप्त उष्णता म्हणून हे घोकलेलं असतं, जोसेफ ब्लॅक ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ते मांडलं वगैरे, पण मला त्याचा अर्थ कळला तो गाजरं शिजवताना.

साध्या ओव्हनमध्ये ह्याच्या उलट चालतं. पदार्थातलं पाणी वर येतं, उडतं, आणि उडताना उष्णता सोबत घेऊन जातं, म्हणून ओव्हन १८० वर असला तरी ओल्या पदार्थाचा वरचा थर बराच वेळ १०० च्या खालीच घुटमळत राहतो. तो थर वाळला की मग त्याचं तापमान चढायला लागतं, १४० च्या आसपास पोचलं की तो तांबूस रंग आणि खरपूस वास सुरू होतो. वाफेत वरचा थर वाळतच नाही. म्हणून नुसत्या वाफेवर कुठलीही गोष्ट कितीही वेळ ठेवा, ती शिजेल, मऊ होईल, रसरशीत राहील, पण खरपूस होणार नाही. माझ्या दोन ओव्हनच्या हट्टामागचं सगळं कारण ह्या एका वाक्यात आहे.

आता प्रकार. इथे कॅटलॉग वाचून माझा पार गोंधळ उडाला होता कारण सगळ्यांवर स्टीम हा शब्द छापलेला असतो. एक म्हणजे निव्वळ स्टीमर, भिंतीत बसणारा, जो १०० अंशापर्यंतच जातो आणि त्यात कोरडी उष्णता नसतेच. दुसरा कॉम्बी, ज्यात पंखा, हीटर आणि वाफ तिन्ही असतं, वाफेचं प्रमाण कमीजास्त करता येतं आणि तापमान साधारण ३०-४० पासून २२५-२३० पर्यंत जातं. तिसरा म्हणजे नेहमीचाच ओव्हन ज्यात मधूनमधून थोडी वाफ सोडायची सोय असते, त्याला ॲडेड स्टीम, स्टीम असिस्ट असं काय काय म्हणतात. हा तिसरा वाईट नाही, ब्रेडला आणि रोस्टला छान आहे, पण त्यात भाजी वाफवता येईल असं समजून घेऊ नका, तेवढी वाफ त्यात होतच नाही. मला स्वतःला वाटतं की घरात आधीपासून चांगला साधा ओव्हन असेल तर हा तिसरा प्रकार घेण्यात काही अर्थ नाही, आणि साधा ओव्हन नसेल आणि जागा एकाचीच असेल तर मात्र पूर्ण कॉम्बीचाच विचार करावा.

हॉटेलांच्या किचनमध्ये हे कॉम्बी प्रकरण जुनं आहे, जर्मनीतल्या रॅशनल कंपनीने १९७६ मध्ये पहिला कॉम्बी स्टीमर काढला, आणि घरगुती किचनसाठी गागेनाऊने १९९९ मध्ये आणला. म्हणजे हे तंत्र काही कालपरवाचं नाही, तावून सुलाखून निघालेलं आहे.

मग पाणी कुठून? टाकीवाला की नळाला जोडलेला? ह्यावर आमच्याकडे दोन आठवडे चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं थेट नळाला जोडू, सारखी टाकी कोण भरणार. नळजोडणीवाल्याला पाण्याची लाइन लागते, पाणी उलटं मुख्य लाइनमध्ये जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, ड्रेनची नळी लागते, ती किती लांब आणि किती उंच नेता येईल ह्यावर मर्यादा असतात, आणि व्हॉल्व्ह बंद करायला हात पोचेल अशी जागा लागते. आमचं उभं कपाट सिंकच्या बरोबर समोरच्या भिंतीला, म्हणजे सगळी फरशी उकरा. शिवाय भिंतीच्या आत, कपाटाच्या मागे, कधी एखादा जॉइंट पाझरायला लागला तर तो कळणार कधी, खालचा प्लाय कुजल्यावर. टाकीत सव्वा लिटर पाणी मावतं, पूर्ण वाफेवर मला तासाहून जास्त पुरतं, आणि टाकी पुढूनच बाहेर येते, दार उघडावं लागत नाही. मी गंमत म्हणून हिशोब केला होता, एक लिटर पाणी २० अंशावरून तापवून त्याची सगळी वाफ करायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. टाकी भरायला लागतो अर्धा मिनिट. रोज वीस जणांचा स्वयंपाक असेल तर नळजोडणी घ्या, नाहीतर टाकीच बरी, ह्या मतावर मी आजही ठाम आहे.

अजून एक जे फार कमी लोक विचारतात आणि विचारायलाच पाहिजे, वाफ तयार कुठे होते? काहींमध्ये ओव्हनच्या तळाला उथळ वाटीसारखा भाग असतो, पाणी त्यात पडतं आणि तिथेच उकळतं. काहींमध्ये मागे किंवा बाजूला वेगळा बॉयलर असतो आणि तयार वाफ आत सोडली जाते. वाटीवाल्याचा फायदा असा की क्षार साचलेले डोळ्यांना दिसतात आणि पुसता येतात. बॉयलरवाल्यात आतला भाग स्वच्छ राहतो, वाफ पटकन येते, पण क्षार दिसत नाहीत म्हणून डिस्केलिंग, म्हणजे साचलेले क्षार द्रावणाने काढणं, वेळच्या वेळी करावंच लागतं. आम्ही बॉयलरवाला घेतला.

आणि साधा ओव्हन का ठेवला ते आता सांगते. आमचा स्टीम ओव्हन ४५ सेंटीमीटर उंचीचा आहे, आत ४७ लिटर जागा, साधा ६० चा आहे आणि आत ७१ लिटर. मोठा ट्रे, अख्खी कोंबडी बटाट्यांसकट, दोन थर कुकीज, हे सगळं त्या मोठ्यातच बसतं. पिझ्झाला २७५ लागतात, ते कॉम्बीत मिळत नाहीत. साध्याला पायरोलिटिक सफाई आहे, म्हणजे आतून ५०० अंशाच्या जवळ तापवून सगळी चरबी राख करायची आणि गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्यायची, ही सोय स्टीमवाल्यांत सहसा नसते. त्यामुळे तेल उडणारं, चिकट, जळकं सगळं काम खालच्या कोरड्या ओव्हनकडे, आणि वरच्यात नाजूक कामं. अशी वाटणी झाली की दोघंही चांगले राहतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दोन तापमानं एकाच वेळी मिळतात, खाली रोस्ट चाललंय २०० वर आणि वर भाज्या वाफवतायत, दोन्ही एकाच वेळी ताटात.

जागा ठरवताना मी जे केलं ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. एकावर एक ठेवायचं तर वर कुठला, खाली कुठला आणि किती उंचीवर, हे कागदावर कळत नाही. मी दोन मोठी खोकी कापून ओव्हनच्या मापाचे पुठ्ठे केले आणि चिकटपट्टीने भिंतीवर लावले, आतल्या रॅकच्या रेघासुद्धा मार्करने काढल्या. मग एका ट्रेमध्ये दोन पेले पाणी ओतलं आणि बाबांना म्हटलं, बाबा, हा ट्रे त्या वरच्या रेघेच्या उंचीवरून उचलून खाली ओट्यावर ठेवून दाखवा बरं. बाबांचा उजवा खांदा आखडलेला आहे. त्यांनी ट्रे धरला, कोपर वर गेलं, ट्रे पुढच्या बाजूला कलला आणि पाणी सरळ त्यांच्या शर्टावर. गार पाणी होतं म्हणून ठीक. वाफवताना ट्रेमध्ये पाणी साचतंच, भाजीचं, माशाचं, आणि ते उकळतं असतं, हे त्या क्षणी मला दिसलं. हॉटेलांतल्या मोठ्या कॉम्बी ओव्हनवर १.६० मीटर उंचीला इशाऱ्याचं स्टिकर असतं, ह्याच्या वर पातळ पदार्थाचे ट्रे ठेवू नका म्हणून, ते उगाच नाही. आम्ही पुठ्ठा वीस सेंटीमीटर खाली आणला, पुन्हा पाणी घालून ट्रे उचलला, ह्या वेळी बाबांचं कोपर कमरेजवळच राहिलं आणि एक थेंब सांडला नाही. तीच उंची पक्की केली, स्टीम ओव्हनचा वरचा रॅक बाबांच्या छातीच्या जरा खाली. खालचा साधा ओव्हन त्यामुळे बराच खाली गेला, त्यातून काढताना वाकावं लागतं, पण तो जड भांड्यांचा ओव्हन आहे आणि जड भांडं वाकून काढलेलं मला चालतं, उकळतं पाणी खांद्यावरून नको.

शेजारी शेजारी ठेवता आले तर सगळ्यात उत्तम, दोन्ही हाताच्या उंचीवर येतात. तेवढी रुंदी नव्हती आमच्याकडे. आणि एकावर एक ठेवताना स्टीमवाला वर की खाली हे फक्त सोयीवर ठरवू नका, मॅन्युअलमध्ये कुठल्या जोड्या चालतात ते दिलेलं असतं. स्टीमवाला खाली ठेवला तर दार उघडलं की सगळी वाफ वरच्या ओव्हनच्या पॅनलवर जाते, बटणं, डिस्प्ले, सगळं ओलं. वर ठेवला तर ती त्याच्यावरच्या कपाटाच्या खालच्या कडेवर जाते. कुठेतरी जाणारच ती. आमच्या सुतारकाकांनी वरच्या शटरच्या खालच्या कडेला साधं एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी चिकटपट्टी, लावलं होतं, मी त्यांना आधीच म्हटलं की काका इथे रोज वाफ लागणार आहे, तर त्यांनी ती कड पुन्हा उघडून आतून वॉटरप्रूफ ग्लू भरून नीट बंद केली आणि खाली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी मारली. दहा महिन्यांत ती कड जराही फुगलेली नाही. त्याच कपाटाच्या बाजूचं एक शटर आहे जिथे पट्टी मारायची राहिली, तिथे एका कोपऱ्यात लॅमिनेट किंचित उचललंय, नखाला लागतं. म्हणजे वाफ काय करू शकते ते दोन्ही एकाच कपाटावर दिसतंय.

मापांचं थोडक्यात. युरोपियन मापाच्या ओव्हनना साधारण ५६ सेंटीमीटर रुंद आणि निदान ५५ खोल असा कप्पा लागतो, उंची ४५ किंवा ६० च्या आसपास. अमेरिकन ओव्हन २४, २७, ३० इंच रुंदीत येतात आणि स्टीमवाले जास्त करून २४ च्या मापात असतात, ३० च्या शेजारी लावायचे तर बाजूने फ्रेम घ्यावी लागते. मॅन्युअलमधलं कप्प्याचं माप हे आतलं, मोकळं माप असतं, हे सुताराला तोंडी सांगू नका, ते पान छापून भिंतीवर चिकटवा. मागे हवा खेळायला जागा सोडावी लागते, खालच्या स्कर्टिंगला जाळी लागते, कारण ओव्हन बंद केल्यावरही त्याचा गार करणारा पंखा बराच वेळ फिरत असतो आणि ती गरम हवा कुठेतरी निघून जायला हवी.

आता विजेचं, जिथे आमची खरी फजिती झाली. आमचा स्टीम ओव्हन ३.३ किलोवॅटचा आहे आणि साधा ३.५ चा. २३० व्होल्टवर हिशोब केला तर दोन्ही मिळून ३० अँपियरच्या घरात जातात. आलेल्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं की दोन्ही एकदम कोण लावतं, एकाच १६ अँपियरच्या लाइनवर घेऊ. अहो पण मी दोन घेतेच आहे ते एकदम लावायला! दोघांना वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी, इथे तडजोड करायची नाही, पाणी आणि वीज एकाच डब्यात आहे. वायर किती जाडीची हे मॅन्युअल आणि जाणकार इलेक्ट्रिशियनवर सोडा, पण लाइन वेगळी हवी हे स्वतः लक्षात ठेवा.

ते त्याने ऐकलं, लाइनी वेगळ्या दिल्या, पण पॉइंट काढला तो बरोबर ओव्हनच्या मागे, मध्यभागी. मी त्या दिवशी घरी नव्हते. बसवायच्या दिवशी दोन माणसांनी तो चाळीसेक किलोचा डबा उचलला, कप्प्यात सरकवला, आणि तो चार बोटं बाहेरच राहिला. पुन्हा काढला, पुन्हा ढकलला, तेवढाच बाहेर. प्लग सॉकेटमध्ये बसल्यावर जी पाच सेंटीमीटर पुढे येते ना, ती कुणी धरलीच नव्हती. मागची फळी कापून चालत नव्हतं कारण त्यामागे भिंत. शेवटी पॉइंट शेजारच्या कपाटात हलवला, मधल्या फळीला भोक पाडून वायर नेली, ह्यात सहा दिवस गेले आणि तेवढे दिवस ओव्हन हॉलमध्ये चादरीखाली. आता वाटतं झालं ते बरंच झालं, कारण सॉकेट शेजारच्या कपाटात असला की ओव्हन न काढता स्विच बंद करता येतो, खरं तर तो तिथेच असायला हवा. ओव्हनच्या मागे पॉइंट नको, हे तुमच्या इलेक्ट्रिशियनला काम सुरू व्हायच्या आधी सांगा आणि खडूने जागा आखून द्या.

कप्प्याची फळी लेव्हलमध्ये आहे का हेही बघून घ्या, स्टीमवाल्याला ते जास्त लागतं. आमची पुढे किंचित उतरती होती, बघून कळत नव्हतं, पण लेव्हलचा बुडबुडा मागे सरकला होता. तसंच बसवलं असतं तर आत साचणारं पाणी दाराच्या रबराकडे आलं असतं आणि थेंब थेंब खालच्या ओव्हनवर. पातळ पॅकिंग लावून दुरुस्त केलं.

पाणी. ह्यावर मी एक अख्खं पान लिहू शकते पण आवरते. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम मॅग्नेशियम, ओव्हनच्या सेटिंगमध्ये सांगावा लागतो, कारण डिस्केलिंगची आठवण कधी करायची हे तो त्यावरून ठरवतो. चाचणीची पट्टी बऱ्याचदा ओव्हनसोबतच येते, एक सेकंद पाण्यात बुडवायची, झटकायची, मिनिटभर थांबायचं आणि किती चौकोन रंग बदलतात ते मोजायचं. साधारण लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत मऊ पाणी, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत कठीण आणि त्यापुढे फारच कठीण. आमच्या पट्टीवर चारपैकी तीन चौकोन गुलाबी झाले. बरेच जण पट्टी तशीच फेकून देतात आणि सेटिंग कंपनीने दिलंय तेच ठेवतात, मग वर्षाने बॉयलर बंद पडला की ओव्हनला शिव्या घालतात.

मग डिस्टिल्ड पाणीच वापरलं तर? माझ्याही डोक्यात हेच आलं होतं. पण अनेक ओव्हनमध्ये पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर पाण्यातून वीज वाहते का ह्यावर चालतो, आणि पूर्ण क्षारमुक्त पाण्यातून ती जवळजवळ वाहतच नाही, मग टाकी भरलेली असून ओव्हन म्हणतो पाणी नाही. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच ते वापरा. क्लोराइड जास्त असलेलं पाणीही नको, काही मॅन्युअलमध्ये लिटरला ४० मिलिग्रॅम अशी मर्यादा छापलेली असते, कारण क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलवर सुईने टोचल्यासारखे बारीक गंजाचे ठिपके पडतात. खारट पाणी किंवा मिठाचा रस आत सांडला तर त्याच दिवशी पुसायचा तो ह्याच कारणासाठी.

पहिल्यांदा सुरू करताना आमच्या ओव्हनने १०० अंशावर रिकामा वीस मिनिटं चालवायला सांगितलं. मला वाटलं नव्या मशीनचा वास घालवायला असेल. तेही आहेच, पण त्यात तो पाण्याचा उकळबिंदू शिकत असतो. समुद्रसपाटीला १०० अंश, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी, म्हणजे १,५०० मीटरवर पाणी ९५ च्या आसपास उकळतं. त्यामुळे घर बदललं आणि नवी जागा बरीच उंच किंवा सखल असेल तर हे पुन्हा करायचं असतं. त्या वीस मिनिटांत दार उघडू नका, सगळं मोजमाप वाया जातं.

आणि मग पहिला ब्रेड. आधी मी साध्या ओव्हनमध्ये तळाला उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवून वाफ करायचे, पण साधा ओव्हन ओलावा बाहेर टाकायलाच बनवलेला असतो, वाफ दोन-चार मिनिटांत पसार. शिवाय तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडायची भीती वेगळीच. कॉम्बीत पहिली बारा मिनिटं वाफ, मग बंद, मग कोरडं. मी खुर्ची ओढून काचेसमोर बसले होते. आधी पिठाचा गोळा ओला चमकायला लागला, मग मी ब्लेडने मारलेली चीर हळूहळू रुंद होत गेली, फाटली नाही, ओठ उघडावेत तशी उघडली, आणि गोळा वर आला, अजून वर आला. वाफेमुळे वरची साल लवकर वाळून कडक होत नाही, म्हणून आतला वायू फुगतो तोवर ती ताणली जाऊ शकते, आणि पृष्ठभागावरचा स्टार्च त्या ओलाव्यात शिजून पुढे चकचकीत, पातळ, कुरकुरीत साल देतो. बाहेर काढल्यावर तो ब्रेड निवताना बारीक तडतड आवाज करत होता. बाबा दुसऱ्या खोलीतून आले, हे काय वाजतंय बघायला.

पण खरं सांगायचं तर ब्रेड आठवड्यातून एकदा होतो, रोजचं काम आहे ते गरम करण्याचं. कालचा भात फ्रिजमध्ये कडक होतो, त्याला उष्णता आणि ओलावा दोन्ही हवं असतं, कॉम्बीत १२० वर वाफेसकट दहा बारा मिनिटं ठेवला की दाणा दाणा मोकळा आणि मऊ. अख्खं ताट वाढून ठेवता येतं, कडेला वाळत नाही, मधे गार राहत नाही. मायक्रोवेव्ह आम्ही आता फक्त दूध तापवायला वापरतो. भाजीचं एक लक्षात आलं, वेळ ठरतो तो तुकड्याच्या आकारावर, किती किलो आहे ह्यावर नाही. फ्लॉवरचे सारख्या आकाराचे तुरे एक ट्रे असोत की दोन, शिजायला तेवढाच वेळ, फक्त ओव्हन तापायला जास्त मिनिटं घेतो. भोकाच्या ट्रेखाली एक अख्खा ट्रे ठेवायचा, नाहीतर सगळं गळून तळाशी. आणि दार उघडताना बाजूला उभं राहायचं, आधी दोन बोटं फट, वाफेचा पहिला लोट जाऊ द्यायचा, मग पूर्ण. घरात ह्याची शिस्त आम्ही पहिल्या दिवसापासून लावली, मुलांना तर समोर उभंच राहू देत नाही.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. वापर झाला की तो आपलं काम संपवतो, तुमचं सुरू होतं. तळाशी पाणी साचलेलं असतं ते टिपून घ्यायचं, छताला लटकलेले थेंब पुसायचे, दाराच्या रबराच्या घडीत फडकं फिरवायचं, टाकी रिकामी करायची आणि दार अर्धवट उघडं ठेवायचं. चार मिनिटांचं काम आहे, पण टाळलं की दुसऱ्या दिवशी कुबट वास. जेवून उठल्यावर ते जिवावर येतं कधीकधी. दार उघडलं की आतल्या बाजूचं पाणी ओघळून फरशीवर पडतं, म्हणून खाली एक छोटा नॅपकिन कायम असतो. पाणी ओढताना पंप घुर्र करतो, पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी दचकायला व्हायचं. आणि वाफवल्यानंतर लगेच कोरडं बेकिंग करायचं असेल तर आतला ओलावा जायला वेळ लागतो, अशा वेळी खालचा ओव्हन आहे हे फार बरं वाटतं.

डिस्केलिंगला आमच्याकडे दीड तास जातो, खळबळून धुण्यासकट, आणि एकदा सुरू केलं की मधे थांबवता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी स्वयंपाकाच्या आधी चुकूनही सुरू करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच द्रावण वापरते, बॉयलरमध्ये घरचं व्हिनेगर वगैरे घालत नाही. शेजारच्या ज्या कपाटात तो हलवलेला सॉकेट आहे, त्याच्या शटरच्या आत मी एक कागद चिकटवलाय, त्यावर प्रत्येक डिस्केलिंगची तारीख आहे. तीन तारखा झाल्यात. चौथी येत्या रविवारी, सकाळी, बाबा फिरायला गेले की.